दीड पानाचं मरण

जपानी टीव्हीवर मी अकरा वेळा दिसले. त्यातल्या दहा वेळा माझं तोंड हलत होतं आणि आवाज दुसऱ्याच बाईचा येत होता. आता हे मी हसत सांगते, पण तेव्हा माझं डोकं फिरायचं.

चेहऱ्याच्या जोरावर मी कधीच काही मिळवलं नाही. पुण्यात कॉलेजात असताना एकांकिका करायला लागले, पुढे आठ वर्षं प्रायोगिक नाटकं केली, आणि तिथे मला घ्यायचे ते आवाजासाठी. आमचे दिग्दर्शक तालमीच्या वेळी शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहायचे आणि उजवा हात वर करायचे. हात वर आहे तोवर आवाज पोचतोय. खाली आला की आपण स्वतःशीच पुटपुटतोय. काम बरं झालं की वाईट, ते तालीम संपल्यावर, चहा पिताना सांगायचे. हाताचा अर्थ एवढाच, की पोचतंय. माझ्या वेळी तो हात खाली आलेला मला आठवत नाही. हा गर्व आहे, आणि या वयात तो मी कमी करणार नाही.

मग लग्न झालं, नवऱ्याच्या कंपनीला जपानी गिऱ्हाईक मिळालं आणि आम्ही टोकियोत हिगाशी-कसाईला येऊन पडलो. तेव्हा त्या भागात भारतातून इतके आयटीवाले येत होते, की कढीपत्ता कुठे मिळतो हे विचारायला जपानी शिकायची गरज नव्हती. घर चौथ्या मजल्यावर, भिंती पुठ्ठ्यासारख्या. पहिल्याच महिन्यात टपालपेटीत एक कागद पडला. त्यावर ओठांवर बोट ठेवलेल्या सशाचं चित्र होतं आणि खाली चार ओळी. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकीनं वाचून सांगितलं, की तुमच्या घरून मोठा आवाज येतो अशी विनंतीवजा तक्रार आहे. मी फक्त आईशी फोनवर बोलत होते. मिठाईचा खोका घेऊन खालच्या आजींकडे गेले, कमरेत वाकले, माफी मागितली. त्या माझ्याहून जास्त वाकल्या. त्या दिवसापासून मी घरात हळू बोलायला लागले. ट्रेनमध्ये तर कुणीच बोलत नाही. ज्या आवाजासाठी पुण्यात लोक तिकीट काढून येत, तो मी चादरीसारखा घडी घालून ठेवून दिला.

नवरा एक वर्ष म्हणाला होता. वर्ष संपल्यावर त्यानं मुदत वाढवून घेतली आणि घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या वर्षीही तेच. दोन्ही वेळा आम्ही जेवत होतो. माणूस वाईट नाही तो. भांडी घासायचा, कचऱ्याचे वार पाठ करून जळणारा कचरा एका दिवशी आणि बाटल्या दुसऱ्या दिवशी न चुकता खाली ठेवायचा. फक्त मला विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच यायचं नाही. शनिवारी आसपासची मराठी मंडळी जेवायला यायची, त्यातल्या बायकांपुढे तो म्हणायचा, ‘हिला काय, आरामच आहे.’ आणि रविवारी माझ्या आईचा फोन आला की माझ्याआधी तोच उचलायचा आणि म्हणायचा, ‘ही एकदम मजेत आहे.’ मग मी फोन घेऊन मजेत असल्यासारखी बोलायची. एवढा अभिनय मी रंगमंचावरही केला नसेल.

वॉर्डाच्या कचेरीत परदेशी लोकांसाठी फुकट जपानी शिकवायचे. तिथे एका ब्राझीलच्या बाईनं मला परदेशी कलाकार पुरवणाऱ्या एजन्सीचा पत्ता दिला. कलाकार हा शब्द तिनं वापरला, म्हणून मी हरखून गेले. अर्धवेळ कामाची परवानगी काढली, नीट साडी नेसून गेले. तिथल्या मुलीनं समोरून, डावीकडून, उजवीकडून असे फोटो काढले. फॉर्मवर उंची, केसांची लांबी, बुटाचं माप, गाडी चालवता येते का, पोहता येतं का, एवढं सगळं होतं. आवाजाचा रकाना नव्हता. मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, की मी नटी आहे, आठ वर्षं नाटकं केली आहेत. तिनं आदरानं मान डोलवली आणि बुटाचं माप पुन्हा विचारलं.

काम असं असायचं. जगात कुठेतरी घडलेली खरी घटना, म्हणजे कुणी जंगलात हरवलं, कुणी नवऱ्याला विष घातलं, ती जपानी टीव्हीवर अभिनय करून दाखवायची. त्याला परदेशी चेहरे लागायचे. भारतीय चेहरा म्हणजे भलताच सोयीचा. मी ग्रीसची परिचारिका झाले, तुर्कस्तानची विधवा झाले, मेक्सिकोत दोनदा आई झाले. संवाद कुठल्याही भाषेत बोला, चालतं, कारण नंतर सगळ्यावर जपानी आवाज चढवतात. तोंड हललं पाहिजे, आणि वाक्य साधारण तेवढंच लांब पाहिजे, बस्स. बहुतेकजण आकडे मोजायचे. रागात मोजायचे, रडत मोजायचे. एक रशियन मुलगी नवऱ्याच्या प्रेतावर पडून एक ते पंचवीस मोजायची आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मीही मोजायची. पहिल्या दोन-तीन वेळा घरी येऊन मला अक्षरशः रडू आलं.

तिसऱ्या की चौथ्या कामाला मला तो भेटला. अमेरिकन, पन्नाशी उलटलेला, उंच, केस अजून दाट. वयानं माझ्या काकांएवढा, पण इंग्रजीत सगळेच एका पातळीवर, म्हणून मनातल्या मनात मी त्याला अरे-तुरेच करत असे. सकाळी स्टेशनपाशी आम्हा सगळ्यांना गोळा करून बसमध्ये घालत, तेव्हा तो स्वतःची घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन यायचा. बाकीचे फुटपाथवर उभे, हा खुर्चीत. मला वाटलं, काय हा तोरा. मग कळलं की तो खरोखरचा टीव्ही नट होता, अमेरिकेतला.

त्याची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांत कळली, कारण आमच्या कामात दिवसाचे नऊ तास वाट बघण्यात जातात. वडिलांचं शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकायचं दुकान होतं, सपाट मुलखातल्या एका गावात. शाळेच्या नाटकात त्यानं झाडाचं काम केलं आणि झाड असूनही बोलला, म्हणून मार खाल्ला. विसाव्या वर्षी लॉस एंजेलिसला गेला. हॉटेलांच्या दारात लोकांच्या गाड्या लावायचं काम करता करता सहा वर्षांनी टीव्हीवर पहिलं वाक्य मिळालं, दारात पिझ्झा घेऊन उभा राहायचं. मग एका हॉस्पिटलच्या मालिकेत रुग्णवाहिकेचा चालक. ही त्याची मोठी भूमिका. प्रत्येक भागात स्ट्रेचर ढकलत आत यायचं आणि रोग्याचं वय, नाडी, रक्तदाब, कुठे लागलंय, हे सगळं एका दमात सांगायचं. मग डॉक्टर मंडळी पुढचा पाऊण तास ताब्यात घ्यायची. चार वर्षं त्यानं हे केलं. दुकानात लोक ओळखायला लागले. एकदा रांगेत एक म्हातारी चक्कर येऊन पडली, तर सगळे डॉक्टरला बोलवायचं सोडून याच्याकडे बघायला लागले.

चौथ्या वर्षी मालिकेच्या लेखकांनी त्याला मारायचं ठरवलं. ते तो समजू शकला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की मला मरू तरी द्या. त्यानं पाठ सोडली नाही, तेव्हा त्याच्यासाठी दीड पानाचा प्रवेश लिहिला गेला. ज्या स्ट्रेचरवर चार वर्षं दुसऱ्यांना आणलं त्याच स्ट्रेचरवर पडून तो शेवटचं बोलतो. चित्रीकरण झालं. मग भाग लांबला म्हणून तो प्रवेश कापला. प्रत्यक्षात टीव्हीवर एक परिचारिका फोन उचलते, ‘अरे देवा’ म्हणते आणि फोन ठेवते. झालं, गेला तो.

त्यानंतर कामं आटत गेली, लग्न मोडलं. डब्यातल्या कॉफीच्या एका जाहिरातीसाठी जपानला आला आणि इथेच राहिला. का, तर ती मालिका जपानीत लागून गेली होती आणि योकोहामाच्या रस्त्यावर एका बाईनं त्याला ओळखलं. तो भारावला, तिच्याशी बोलायला लागला, तर तिचा चेहरा पडला. आवाज वेगळा होता ना. तिच्या मनात होता तो आवाज कुणा जपानी नटाचा, खोल, विहिरीतून आल्यासारखा. ‘मी तिची माफी मागितली,’ असं तो मला म्हणाला होता, आणि ते विनोदानं सांगत होता की नाही हे मला कळलं नव्हतं.

मला त्याचा राग यायचा. त्याची कीव यायची, असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं सांगायचं तर राग. चार वर्षं लोकांनी याला खरोखर ऐकलं होतं आणि हा दीड पानासाठी रडत होता. मला इथे कुणी नाव विचारत नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये आम्हा दोघांना नवरा-बायको केलं. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा गावी घराला आग लागते, मूल आत अडकतं. नवरा अमेरिकन इंजिनिअर. चित्रीकरण त्सुकुबाला होतं, कारण तिथले रुंद रस्ते, मोठमोठ्या संस्थांच्या इमारती आणि त्यांच्यामधली ओस हिरवळ म्हणजे टीव्हीवाल्यांना आयती परदेशची जागा. नवी जलद रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे बसही नाही. एका रिकाम्या विलायती घराच्या खिडकीत धूर सोडला होता. सरावाच्या वेळी तो माझे खांदे धरून बोलायला लागला आणि मी चमकले. तो आकडे मोजत नव्हता. तो इंग्रजीत म्हणत होता, की गाडीचं मागचं डावं दार अडकतं, ओढायच्या आधी जरा वर उचल, नव्या माणसाला सांग. हॉस्पिटलच्या या बोळकंडीत एकेचाळीस दिवे आहेत, मी पहिल्यांदाच पाठीवर पडून मोजतोय.

मधल्या वेळात मी विचारलं, हे काय होतं? तो सहज म्हणाला, माझं मरण. गेली सहा वर्षं प्रत्येक कामात मी तेच बोलतो. विमान पडताना, बायकोचा गळा दाबताना, कोर्टात. ते जपानी चढवतात, मला काय त्याचं. आणि मग म्हणाला, ‘तू आकडे मोजू नकोस. तुला आवाज आहे. जे तुला खरंच बोलायचंय ते बोल. इथल्याइतकं सुरक्षित ठिकाण दुसरं नाही, कुणीही ऐकत नाही.’

आता त्याच सकाळी काय झालं होतं ते सांगायला हवं. मी डबा भरत होते आणि नवरा बूट घालता घालता म्हणाला, की चौथ्या वर्षाचंही नक्की झालंय बहुतेक. हो, या वेळी जेवताना नाही, बूट घालताना. पुण्याहून आमच्या ग्रुपचा नव्या नाटकासाठी निरोप आला होता, ते मी त्याला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा लॅपटॉप उघडा होता आणि तिन्ही वेळा तो ‘हं’ म्हणाला होता.

धूर सुटला. दिग्दर्शकानं हात खाली केला. मी त्या अमेरिकन माणसाची कॉलर धरली आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा पोटातून आवाज काढला, मराठीत.

‘आईला फोनवर सांगतोस, ही मजेत आहे. मला विचारलंस कधी? मुदत वाढवून येतोस आणि सांगतोस, लोणचं वाढ म्हटल्यासारखं. आणि त्या शनिवारी जेवायला येतात त्या बायकांपुढे पुन्हा एकदा म्हण, हिला काय, आरामच आहे. म्हणून बघ. मला नाही राहायचं इथे. माझा आवाज गेलाय. ऐकतोयस का तू? ऐकतोयस का?’

लांब हिरवळीवर सायकल घेऊन चाललेला एक माणूस थांबला. दिग्दर्शक काही क्षण ‘कट’ म्हणायलाच विसरला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जे तिथे कुणी सहसा करत नाही. अमेरिकन माणसाला एक शब्द कळला नव्हता, पण कॉलर नीट करत तो म्हणाला की आता बरं वाटत असेल. वाटत होतं. महिनाभर मला बरं वाटत राहिलं, इतकं, की घरी मी पुन्हा ‘हं’ वर भागवून घ्यायला लागले.

ऑक्टोबरमध्ये तो भाग लागणार होता. इतकी मोठी भूमिका पहिल्यांदाच, म्हणून शनिवारच्या सगळ्या मंडळींना मीच आग्रहानं बोलावलं. तीन कुटुंबं, शिवाय मुंबईच्या बँकेकडून आलेले एक काका आणि काकू, जे इथे दहा वर्षं होते आणि ज्यांना सगळं माहीत असायचं. मी बटाटेवडे केले. आवाज जपानी बाईचा येणार, हे मी सगळ्यांना आधीच समजावून सांगितलं, म्हणजे कुणी हसायला नको.

आग लागली. अमेरिकन धावत आला, त्याच्या तोंडून तोच विहिरीतला जपानी आवाज. मग मी आले, कॉलर धरली, आणि आमच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत माझा स्वतःचा आवाज घुमला. दिग्दर्शकाला तो इतका आवडला होता, की त्यानं त्यावर जपानी चढवलंच नव्हतं. खाली फक्त अक्षरं दिली होती. काकांना जपानी वाचता यायचं. ते सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले, ‘देवा, माझ्या बाळाला वाचव,’ आणि वरून मी म्हणत होते, लोणचं वाढ म्हटल्यासारखं. मग काकांचं वाचन थांबलं. शनिवारच्या बायकांचं वाक्य आलं तेव्हा शनिवारच्या बायका हातात वडा धरून बसल्या होत्या. ‘ऐकतोयस का’ हे दुसऱ्यांदा तर मी सरळ कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

जाहिरात लागली. कपडे धुण्याच्या साबणाची होती. नवरा उठला आणि म्हणाला, ‘चहा कोण कोण घेणार?’

कुणीच घेतला नाही. एक वहिनी म्हणाल्या, ‘काम सुंदर झालंय हं,’ आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा डबा शोधायला लागल्या. काकूंनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. सगळे गेल्यावर नवरा बशा उचलत राहिला. मला वाटत होतं त्यानं ओरडावं. खालच्या आजी, ससा, सगळं गेलं खड्ड्यात, पण एकदा ओरडावं.

‘हे तू मला कधी बोलली नाहीस,’ तो म्हणाला.

‘तीनदा बोलले.’

त्यानं थोडा विचार केला. तो खोटं बोलणारा नाही. ‘असं नव्हतीस बोलली,’ तो म्हणाला.

म्हणजे नवऱ्याला ऐकू जावं म्हणून मी दक्षिण अमेरिकेत घर जाळून घ्यायला हवं होतं. मी खरंच तसं म्हणाले. तो हसला नाही, मीही हसले नाही, आणि पुढचे दोन आठवडे आम्ही एकमेकांशी फक्त कचऱ्याच्या वारांबद्दल बोललो. मग एक दिवस जेवताना तो म्हणाला, ‘मार्चमध्ये परत जायचं ठरवलंय. ऑफिसात सांगून आलो.’ आमटी वाढता वाढता मी तशीच थांबले. या माणसानं आताही मला विचारलं नव्हतं. मला आनंद झाला होता आणि मला पळी फेकून मारावीशी वाटत होती, आणि दोन्ही इतकं एकदम होत होतं, की मी आमटी वाढली आणि बसले.

नोव्हेंबरात पुन्हा त्सुकुबाचं काम आलं. या वेळी मी कुठल्याशा युद्धातली परिचारिका आणि तो मरणारा सैनिक. शाळेच्या बेसबॉलच्या मैदानाला लागून तंबू ठोकला होता. सकाळपासून ढग होते, उजेडासाठी थांबून राहायचं होतं. मी त्याला सगळं सांगितलं, वडे, काका, साबणाची जाहिरात. मला वाटलं तो पोट धरून हसेल. त्यानं फक्त विचारलं, की किती माणसं होती खोलीत?

मी मोजून सांगितलं, आम्ही धरून दहा.

‘आणि सगळ्यांना शब्द न् शब्द कळला.’

तो हे ज्या तऱ्हेनं म्हणाला, त्यानं मला माझीच लाज वाटली. रागही आला, कारण माझ्या फजितीचा या माणसाला हेवा वाटत होता. पण मी नाटकातली बाई. मी त्याला म्हटलं, ते दीड पान आत्ता म्हण, मी ऐकते. तो म्हणाला, ते असं खुर्चीत बसून करायचं नसतं. मी म्हटलं, मग उभा राहून कर. मैदान रिकामंच होतं. मी त्याला आमच्या दिग्दर्शकांच्या हाताबद्दल सांगितलं. वर म्हणजे पोचतंय, खाली म्हणजे पोचत नाही. त्यानं एकदाच मान हलवली. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

परिचारिकेच्या पांढऱ्या झग्यात मी चालत मैदानाच्या पार टोकाला, जाळीपाशी गेले. तो फलंदाज उभा राहतो तिथे उभा राहिला, सैनिकाच्या कपड्यांत, कपाळाला खोटं रक्त लावलेलं. मी उजवा हात वर केला.

त्यानं सुरुवात केली. दार अडकतं, वर उचल. दिवे एकेचाळीस. इथवर मला माहीत होतं आणि इथवर ते छानच होतं. पुढचं मी पहिल्यांदा ऐकत होते. मग त्यात त्याची मेलेली आई आली, मग गावाकडची नदी, मग आकाशातल्या ताऱ्यांना उद्देशून सात-आठ वाक्यं, मग पुन्हा आई. तो स्ट्रेचरवरच्या माणसासारखा बोलत नव्हता, निरोप समारंभातल्या वक्त्यासारखा बोलत होता. आणि मला उभ्या उभ्या कळलं, की ज्यांनी हे कापलं त्यांनी बरोबर केलं होतं. भाग लांबला वगैरे काही नाही. मी असते तर मीही हेच कापलं असतं, दोन वाक्यं ठेवली असती, दाराचं आणि दिव्यांचं. इतकी वर्षं, विमानं पाडत आणि बायकांचे गळे दाबत, हा माणूस हे जपत आला होता. माझा इतका संताप झाला, त्याच्यावर, लिहिणाऱ्यावर, स्वतःवर, की डोळ्यांत पाणी आलं. लांबून त्याला ते दिसलं असेल तर त्यानं त्याचा वेगळा अर्थ लावला असेल.

पण शब्द न् शब्द पोचत होता. मैदान ओलांडून, जाळीपर्यंत, वारा असून. आवाज त्याचा स्वतःचा, जरा पातळ, नाकातला, त्या योकोहामाच्या बाईला न आवडलेला. मी हात खाली घेतला नाही. खांदा भरून आला, बोटांना मुंग्या आल्या, दीड पान संपता संपेना. संपलं तेव्हा तो तसाच उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी परत चालत येईपर्यंत त्यानं खुर्ची घडी करून काखेत मारली होती.

‘पोचलं?’ त्यानं विचारलं.

‘सगळं पोचलं,’ मी म्हटलं.

पुढे काहीतरी विचारायला तो थांबला होता, किंवा मी काहीतरी बोलावं म्हणून. आमच्यात, नाटकवाल्यांत, पोचलं यानंतर जे सांगायचं असतं ते सांगितलं नाही की त्याचा अर्थ प्रत्येकाला कळतो. मला दोन शब्द खोटं बोलता आले असते. आईशी फोनवर मी अडीच वर्षं तेच करत होते. पण अभिनयाबद्दल खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही, आणि याचं मला आजही समाधान नाही. त्यानं हळूच मान डोलवली, थर्मासमधली कॉफी मला दिली आणि आभार मानले.

दुपारी ऊन पडलं. तंबूत त्याला खाटेवर निजवलं, मी त्याचा हात हातात घेतला, दिग्दर्शकानं खूण केली. मी वाट बघत होते, अडकणाऱ्या दाराची. त्यानं छताकडे डोळे लावले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. सावकाश, एकेक आकडा नीट उच्चारत, तो एकेचाळीसपर्यंत गेला आणि मेला.